भिंतीत मांजराचं दार बसवताय? आधी आतलं प्लास्टिक सांभाळा

आमचं घर कॅलगरीत, बाय-लेव्हल, मागे डेक आणि डेकवर जाळीचा बंदिस्त कॅटिओ. चिमीला आत-बाहेर करता यावं म्हणून डायनिंगच्या भिंतीत मांजराचं दार बसवून घेतलं. एका हॅंडीमॅनने दोन तासांत काम उरकलं, बाहेरून सिलिकॉन इतकं नीट भरलं होतं की बघत राहावं. दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, आठवडाभर मायनस २८ होतं आणि मग शिनूक आला म्हणजे पश्चिमेचा तो गरम वारा, काही तासांत पारा शून्याच्या वर, आणि त्याच संध्याकाळी त्या दाराखालच्या बेसबोर्डवर तपकिरी डाग दिसला. मला वाटलं चिमीने कार्यक्रम केला. वास घेतला, तर नाही. पाणी होतं, भिंतीतून येत होतं, आणि बाहेर पाऊस सोडा, महिनाभर ढगसुद्धा नव्हता.

भिंत उघडली तेव्हा इन्सुलेशन ओलंगच्च, मागचं ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेला जाड तक्ता) काळं पडलेलं, आणि आतलं प्लास्टिक दाराच्या चारी बाजूंनी फाटक्या पडद्यासारखं लोंबत होतं. ते सगळं काढून मी आणि नवऱ्याने पुन्हा बसवलं, त्याला आता तीन हिवाळे झाले, कोरडं आहे. तेव्हा मला मराठीत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून हे लिहितेय. लांब आहे, पण भिंत फोडण्याआधी एकदा वाचाच.

## १. ओल आतून येते, हे आधी डोक्यात बसवा

आपण ज्या घरांत वाढलो तिथे ओल म्हणजे पावसाची. पश्चिमेची भिंत, गच्चीची गळती, पोपडे आलेलं प्लास्टर. त्यामुळे हात आपोआप बाहेरून भोक बुजवायला जातो. इथे हिवाळ्यात उलटं असतं. घरात कुकरच्या शिट्ट्या, आंघोळी, वाळत टाकलेले कपडे, आपले श्वास, ही सगळी वाफ गरम हवेत असते आणि ती हवा भिंतीतल्या फटीतून बाहेर निघायला बघते. आत २१ डिग्री आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर साधारण ७ डिग्रीलाच त्या हवेतलं पाणी सुटायला लागतं. भिंतीच्या बाहेरच्या अंगाचं ओएसबी तर मायनसमध्ये असतं, म्हणजे तिथे थेंब नाही, सरळ बर्फच धरतो. थंडी आहे तोवर काही कळत नाही, शिनूक आला की तो बर्फ एकदम वितळतो. इथे माळ्यावर असंच होऊन छतातून पाणी टपकतं, त्याला लोक ॲटिक रेन म्हणतात. आमच्याकडे तो पाऊस भिंतीत पडला.

इथल्या लाकडी घराच्या भिंतीचे थर आतून बाहेर असे: ड्रायवॉल म्हणजे जिप्समचा तक्ता, अर्धा इंच, मग सहा मिलचं पॉलिथिन म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाड प्लास्टिक (हेच व्हेपर बॅरियर), मग टू बाय सिक्सचे स्टड म्हणजे सांगाड्याची उभी लाकडं आणि त्यांच्या मधे इन्सुलेशन, मग ओएसबी, त्यावर टायव्हेकसारखा हाउसरॅप, शेवटी साइडिंग, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या पट्ट्यांचं आवरण. आतलं प्लास्टिक वाफ अडवतं. बाहेरचा रॅप पाणी अडवतो पण वाफ जाऊ देतो, म्हणजे चुकून आत काही ओल गेलीच तर ती बाहेरच्या बाजूने सुकते. मांजराचं दार या दोन्ही थरांना भोक पाडतं, आणि दोन्ही थर दाराच्या चौकटीला वेगवेगळे जोडावे लागतात. आमच्या हॅंडीमॅनने फक्त साइडिंग जोडलं होतं!

"एवढ्याशा फटीने काय होतंय" असं कुणी म्हणालं तर हा हिशोब सांगा. बिल्डिंग सायन्सवाल्यांचं एक प्रसिद्ध गणित आहे: थंड प्रदेशात एका हीटिंग सीझनमध्ये चार बाय आठ फुटांच्या अख्ख्या ड्रायवॉलमधून झिरपून जातं जेमतेम तिसरा हिस्सा लिटर पाणी, आणि त्याच ड्रायवॉलला एक चौरस इंचाचं भोक असेल तर त्यातून हवेबरोबर जातं जवळपास २८ लिटर. आता आठ बाय आठ इंचाचा बोगदा धरा, घेर ३२ इंच, त्याभोवती नुसती एक अष्टमांश इंच फट राहिली तरी चार चौरस इंच झाली. शिवाय आमची ती भिंत पूर्वेची आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे वारा सुटला की त्या बाजूला घरातली हवा बाहेर ओढली जाते.

## २. भिंतच हवी का?

प्रामाणिकपणे सांगते, दारात बसवता येत असेल तर दारातच बसवा. दाराला व्हेपर बॅरियरची भानगड नाही आणि उद्या घर विकताना दार बदलता येतं. आमच्याकडे मागे काचेचं सरकतं पॅटिओ डोअर आहे, त्याची काच टेम्पर्ड, ती कापायला गेलं की चुरा होतो, भोक असलेली नवीन काच ऑर्डर करावी लागते. सरकत्या दाराच्या कडेला उभं पॅनल लावायचं हाही पर्याय आहे, पण कॅलगरीच्या थंडीत त्या पॅनलच्या फटींतून असा गारवा येतो की मी एका रात्रीत ते परत केलं. म्हणून भिंत.

## ३. कागदपत्रं आणि परवानग्या

- कॉन्डो किंवा टाउनहाउस असेल तर बोर्डाची लेखी परवानगी. बाहेरची भिंत बहुतेक ठिकाणी कॉमन प्रॉपर्टी असते, तुमची नसते. भाड्याचं घर असेल तर मालकाची.
- घर नवीन असेल तर वॉरंटीचे कागद. अल्बर्टात नव्या घराच्या बिल्डिंग एन्व्हलपला पाच वर्षांची वॉरंटी असते, त्या पाच वर्षांत भिंत फोडायची असेल तर आधी वॉरंटीवाल्यांना विचारा, नंतर नको.
- मांजराचं लायसन्स. कॅलगरीत मांजरालाही ते लागतं आणि मांजर मोकळं दुसऱ्याच्या आवारात फिरू देता येत नाही, म्हणून तर कॅटिओ.
- मायक्रोचिपवाली झडप घेणार असाल तर व्हेटकडून चिपचा नंबर, बहुतेक १५ आकडी असतो.
- घर १९९० च्या आधीचं असेल तर ड्रायवॉलच्या मडमध्ये, म्हणजे सांध्यांत भरायच्या लेपात, ॲस्बेस्टस असू शकतं. छोटा तुकडा लॅबला देऊन तपासून घ्या. भिंतीत राखाडी-सोनेरी खडीसारखं व्हर्मिक्युलाइट निघालं तर हात लावू नका, तिथेच थांबा.

## ४. सामान

स्टड फाइंडर (तारा दाखवणारा), मल्टीटूल, ड्रिल, युटिलिटी नाइफ, साइडिंग सोडवायचं झिप टूल, स्टेपलर. अर्ध्या इंचाचं प्लायवुड, थोडे टू बाय फोर. सहा मिल पॉलीचा तुकडा. लाल शीदिंग टेप, म्हणजे ज्याला सगळे टक टेप म्हणतात ती. अकूस्टिकल सीलंटची एक ट्यूब. ताणली जाणारी फ्लॅशिंग टेप. खिडकी-दारांसाठीचा लो-एक्स्पान्शन फोम. मिनरल वूल. जे-चॅनल, म्हणजे साइडिंगची कापलेली कड आत बसते ती पट्टी. आणि एक उदबत्तीचा पुडा, त्याचं पुढे सांगते.

इथे तीन सापळे आहेत. एक, पॉलिथिनला बहुतेक काहीच चिकटत नाही. सिलिकॉन नाही, पेंटरचं कॉकिंग नाही, आणि डक्ट टेप आज चिकटेल, दोन वर्षांत वाळून गळेल. लाल टेप आणि अकूस्टिकल सीलंट या दोनच गोष्टींवर भरवसा ठेवा. दुसरं, ते अकूस्टिकल सीलंट काळं, चिकट, कधीच न वाळणारं प्रकरण आहे, न वाळणं हाच त्याचा गुण, पण कपड्याला लागलं की कपडा गेला. जुने कपडे घाला, आणि मांजराला दुसऱ्या खोलीत कोंडा, खरंच कोंडा. तिसरं, फोम साधा घेऊ नका, तो फुगून बोगदा वाकवतो आणि मग झडप अडकते.

## ५. जागा ठरवणं

स्टड बहुतेक १६ इंचांवर असतात, त्यात लाकडाचे दीड इंच गेले की मधे साडेचौदा इंच मोकळे मिळतात, मांजराच्या दाराला हे पुष्कळ. स्टड कापायचा नाही. मधे आला तर दार सरकवा.

आतून झडपेची खालची कड मांजराच्या पोटाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण पाच-सहा इंच. बाहेर मात्र जमिनीपासून किमान आठ इंच वर हवं, आणि डेक असेल तर तिथे बर्फ किती साठतो ते आठवून ठरवा. प्लग आणि स्विचच्या रांगेत भोक नको. ब्रेकर पाडा, मगच कापा. आणि जमलं तर स्वयंपाकघर, बाथरूम आणि लॉंड्रीपासून लांब, वाफ तिथेच जास्त.

दिवस असा निवडा की कोरडं आहे आणि १० डिग्रीच्या वर आहे, म्हणजे जून ते सप्टेंबर. थंडीत टेप चिकटत नाही, "आज जरा ऊन आहे" म्हणून नोव्हेंबरात सुरू करू नका.

## ६. ड्रायवॉल काढा, प्लास्टिक न कापता

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. टेम्प्लेट चिकटवतात आणि करवत घालून ड्रायवॉल, प्लास्टिक, इन्सुलेशन, सगळं एका दमात आरपार. मग प्लास्टिकची कड ड्रायवॉलच्या मागे गेली की तिला पकडताच येत नाही, आणि जोडणार काय? म्हणून ड्रायवॉल मुद्दाम मोठी काढायची, दार आठ इंचाचं असलं तरी दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत रुंद आणि साधारण २० इंच उंच. मल्टीटूलच्या पात्यावर अर्ध्या इंचावर टेपची खूण करा आणि त्यापुढे घुसवू नका. शेवटचा कागदाचा थर राहिला की हाताने वाकवून तोडा. घाई करू नका, आम्हाला एवढ्याला पाऊण तास लागला. तरी कुठे चिरलंच तर लगेच लाल टेप लावा, नंतर सापडत नाही.

आता समोर अखंड प्लास्टिक दिसेल. त्यावर बोगद्याचा चौकोन काढा आणि फक्त फुली मारा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. चौकोन कापून फेकू नका! फुलीमुळे चार त्रिकोणी पाकळ्या मिळतात, त्याच पुढे कामाला येणार आहेत. त्या बाजूला दुमडून टेपने धरून ठेवा.

प्लास्टिक निघालंच नाही तर? जुन्या घरांत कधी नुसता डांबरी कागद असतो, कधी काहीच नसतं. मग जे आहे तोच थर जोडायचा, फक्त दाराभोवती प्लास्टिकचा तुकडा लावून फारसं साधत नाही, हवा मात्र घट्ट बंद करा.

## ७. लाकडी चौकट

झडपेबरोबर जो सरकता प्लास्टिकचा बोगदा येतो ना, एकात एक घुसणारा, त्याच्यावर विसंबू नका, त्याच्या सांध्यांतूनच हवा जाते. आम्ही अर्ध्या इंचाच्या प्लायवुडचा चौकोनी खोका केला, दोन्ही बाजूंनी उघडा, सांधे गोंद आणि स्क्रूने बंद, आतून रंगवलेला. खरी भिंतीची चौकट तोच, प्लास्टिकचा बोगदा नंतर त्याच्या आत जातो.

इन्सुलेशन बाजूला करा, दाबून कोंबू नका, कापून मोकळं करा. खोक्याच्या वर आणि खाली स्टडच्या मधे टू बाय फोरचे आडवे तुकडे ठोका. खोका त्यांना स्क्रू होतो आणि ड्रायवॉल परत लावायला आधार मिळतो. खोक्याची आतली कड स्टडच्या तोंडाशी अगदी सपाट यायला हवी, म्हणजे प्लास्टिकच्या पातळीत. आणि खोका बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा, पाव इंच पुरे, म्हणजे बर्फ वितळून पाणी आत यायचं नाही.

बाहेरचं भोक कुठे पाडायचं ते कळायला आतून चार कोपऱ्यांत ड्रिलने आरपार भोकं पाडा.

## ८. बाहेरची बाजू: कौलं आठवा

झिप टूलने साइडिंग सोडवा, ओएसबी बाहेरून कापा, खोका सरकवा. आता हाउसरॅप. नियम एकच आणि तो आपल्याला कोकणातल्या घराने कधीच शिकवलाय: वरचं कौल खालच्या कौलावर. आधी खाली फ्लॅशिंग टेप, मग दोन्ही बाजूंना, शेवटी वर. वरच्या बाजूला रॅपला आडवी चीर आणि तिच्या दोन्ही टोकांना वर तिरक्या चिरा द्या, तो वर उचला, टेप त्याच्या खाली ओएसबीवर चिकटवा आणि रॅप वरून पाडून तिरक्या चिरा टेप करा. उलट केलंत म्हणजे टेप रॅपच्या वर, तर रॅपमागून येणारं पाणी थेट चौकटीत.

मग जे-चॅनल आणि साइडिंग. खालच्या बाजूला साइडिंग आणि झडपेच्या फ्रेमच्या मधे कॉकिंग भरू नका, आत आलेलं पाणी तिथूनच निघतं. आमच्या पहिल्या दाराची तीच शोकांतिका होती, बाहेरून चारी बाजूंनी सिलिकॉन आणि आतून उघडं. वाफ आत शिरत होती आणि बाहेर पडायला वाट नाही. तसंच "जास्त चांगलं" म्हणून बाहेरून प्लास्टिक किंवा चिकट मेंब्रेनने मोठा भाग झाकू नका, दोन प्लास्टिकांच्या मधे लाकूड कुजतं.

## ९. प्लास्टिक जोडणं

आत या. खोक्याभोवतीच्या फटीत लो-एक्स्पान्शन फोम, एकदम नाही, दोन वेळा थोडा थोडा. बाकीच्या जागेत मिनरल वूल. फोम हवा अडवतो पण तो प्लास्टिकची जागा घेत नाही, आणि पॉलीला धरतही नाही, त्यामुळे "फोम मारलाय ना" इथे थांबू नका.

खोक्याच्या आतल्या चारी बाजूंवर, कडेपासून एक इंचावर, अकूस्टिकल सीलंटची अखंड रेघ ओढा, कोपऱ्यात तुटता कामा नये. प्लास्टिकच्या चार पाकळ्या खोक्याच्या आत वळवा, सीलंटवर दाबा, स्टेपल मारा, जास्तीचं कापा आणि कडेवर लाल टेप. चारी कोपऱ्यांत मात्र फुलीच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं का होईना भोक राहतंच. तिथे ताणणाऱ्या फ्लॅशिंग टेपचा छोटा तुकडा अर्धा प्लास्टिकवर अर्धा खोक्यात असा ओढून बसवा. मोदकाची कळी पाडल्यासारखं हळूहळू, एकदम ताणलं तर परत सुटतं. स्टेपलच्या प्रत्येक टोचणीवरही टेप.

## १०. उदबत्ती

ड्रायवॉल लावायच्या आधी, शक्यतो बाहेर वारा असताना. सगळ्या खिडक्या बंद, किचनचा हूड आणि बाथरूमचे पंखे फुल, खोक्याचं तोंड बाहेरून पुठ्ठा आणि टेपने बंद. आता पेटलेली उदबत्ती कडेकडेने हळू फिरवा, प्लास्टिक आणि फोमपासून चार बोटं लांब. पंख्यांमुळे बाहेरची हवा आत ओढली जाते, धूर एखाद्या जागी एकदम खोलीकडे फेकला गेला की तिथे फट आहे. आम्हाला खालच्या डाव्या कोपऱ्यात सापडली, जिथे मी छातीठोकपणे "झालं" म्हटलं होतं. पाच मिनिटांत आटपा आणि पंखे बंद करा, कारण बेसमेंटमध्ये जुना, चिमणीवाला गॅसचा वॉटर हीटर असेल तर त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, बघा.

## ११. बंद करा

ड्रायवॉलचा तुकडा परत लावा, स्क्रू फक्त स्टड आणि आडव्या तुकड्यांत, प्लास्टिकला मधेच भोक नको. मड, सॅंडिंग, रंग. झडप दोन घ्या, आत एक आणि बाहेर एक, आणि जास्त घट्ट बसणारी आत लावा. उलट केलं तर घरातली वाफ बोगद्यात जाऊन बाहेरच्या झडपेवर बर्फ धरतो आणि सकाळी मांजर डोकं आपटून परत येतं. चिपवाली झडप बॅटरीवर चालते आणि थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात, आमच्या घरात ती आतल्या बाजूला आहे.

## १२. पहिला हिवाळा

पन्नासेक डॉलरच्या आतलं एक आर्द्रता मीटर डायनिंगमध्ये ठेवा. बाहेर मायनस २० च्या खाली गेलं की आत २५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं, ह्युमिडिफायर त्या दिवसांत कमी. ओठ फुटतील, तूप लावा. पहिल्या मोठ्या थंडीनंतर शिनूक आला की त्या दिवशी बेसबोर्ड आणि झडपेखालची भिंत हाताने चाचपून बघा, थंड लागणं वेगळं आणि दमट लागणं वेगळं, हाताला कळतं.

हे सगळं कॅनडा, उत्तर अमेरिकेचा थंड पट्टा, स्वीडन, फिनलंड अशा ठिकाणच्या घरांसाठी. टेक्सास-फ्लोरिडात असाल तर आतून प्लास्टिक लावायला जाऊ नका, तिथे उन्हाळ्यात दमट हवा बाहेरून आत येते आणि एसीने थंड झालेल्या भिंतीत त्याच प्लास्टिकवर पाणी धरतं. पुण्या-मुंबईच्या विटांच्या भिंतीत तर हा थरच नसतो, तिथे फक्त पावसाचं बघा.

आणि मांजराचं. पहिले तीन-चार दिवस दोन्ही झडपा टेपने वर बांधून ठेवा, पलीकडे सुकटीचा तुकडा ठेवा. सहा इंचांच्या भिंतीचा बोगदा त्यांना अंधारा आणि संशयास्पद वाटतो. चिमी आठ दिवस नुसती तोंडाशी बसून आत बघायची, आणि नवव्या दिवशी मी कंटाळून पॅटिओ डोअर उघडलं तर बाई कॅटिओत आधीच पसरल्या होत्या.